दूध उतू जाऊ नये म्हणून

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, क्षेमकुशल वगैरे सगळं लिहिलंय असं समज. फोन तू उचलत नाहीस, आणि घरच्या पत्त्यावर पत्र टाकलं तर ते आधी कोण फोडणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून हे तुमच्या इमारतीत खाली शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या दुकानावर पाठवते आहे. काकूंवर चिडू नकोस, मीच त्यांच्या मागे लागले. त्या फोनवर एवढंच बोलल्या, "तुझ्या बहिणीचा हात गळ्यात आहे. विचारलं तर म्हणते, बाथरूममध्ये घसरले."

गेल्या वर्षी दाराची कड लागली होती, आता बाथरूम. तुमचं अख्खं घरच तुझ्या अंगावर येतंय म्हणायचं.

रागावलीस ना? रागाव. लहानपणापासून मला भांडकुदळ म्हणतेस, ते नाव टिकवायला नको का? तू मला घराबाहेर काढताना म्हणालीस, "माझा संसार मोडायला निघालीस, पुन्हा तोंड दाखवू नकोस." तोंड दाखवत नाही. अक्षर दाखवते आहे.

मला नोकरी लागली. काय करतेस असं कुणी विचारलं तर मी सांगते, माणसं बनवते. खरंच. पोलिसांना सरावासाठी एक खोली असते, तिच्या चारही भिंतींवर पडदे. पडद्यांवर कधी बाजार दिसतो, कधी रस्ता, कधी कुणाचं तरी स्वयंपाकघर. त्यात पुरुषभर उंचीची माणसं हिंडतात, बोललं तर उत्तर देतात, चिडतात, अंगावर येतात. ती सगळी संगणकातली. शिकाऊ पोलीस मध्ये उभा राहतो आणि त्यांना कसं आवरायचं ते शिकतो. ती माणसं मी घडवते. माझ्यासमोर पट्ट्या असतात: वय, उंची, वजन, चाल, आवाज, भित्रेपणा, खोटं बोलण्याची सवय, राग. पट्टी सरकवली की माणूस बदलतो. कुणाला दमा देते, कुणाला तिरळा डोळा, कुणाला उगाच हसायची खोड. आम्ही त्यांना बाहुले म्हणतो. काम मला आवडतं, ताई. दिवसभर देव असल्यासारखं वाटतं, फक्त पगार देवाचा नाही.

आणि हो, आमच्या खोल्या कोण विकत घेतं ते सांगते. पोलीस खातं. तुझ्या नवऱ्याचंच. तुमच्या शहरातही एक बसणार आहे.

हात कुठला? डावा की उजवा? एवढं तरी काकूंजवळ सांगून ठेव.

तुझी,
भांडकुदळ

२२ फेब्रुवारी

ताई,

उजवा. कळलं. म्हणजे लाटणं, पोछा, बादली, सगळं डाव्या हाताने. काकूंनी तुझा बाकीचा निरोपही सांगितला: "तिला म्हणावं, त्याला रागात भान राहत नाही. एरवी तो वाईट नाही. आणि पत्रं नको."

पत्रं येणारच. तू वाचू नकोस, काकूंना वाचून दाखवू दे, त्यांचं तेवढंच मन रमेल.

इथे सध्या घरगुती भांडणाचा सराव तयार करतोय. शेजाऱ्यांनी तक्रार केली आहे, पोलीस दारात येतो, आत नवरा-बायको. माझ्या आधी हे काम करणाऱ्या मुलाने जो नवरा बनवला होता तो बघून मला हसू आवरेना. दार उघडल्या क्षणी हा गडी ओरडतो, ताटं फेकतो, मुठी आपटतो. असला नवरा तर आंधळ्यालाही ओळखता येईल. शिकाऊ पोलीस आले, त्याला पाडला, बेड्या घातल्या, टाळ्या. आमचे साहेब, ज्यांना आम्ही थंडा म्हणतो कारण ते कधीच चिडत नाहीत, ते म्हणाले, "सगळेच पास होतायत. काहीतरी चुकतंय."

मी म्हटलं, मला द्या, मी बनवते.

बनवला. वय चाळिशीच्या आसपास, खांदे भरलेले, दाढी गुळगुळीत. आवाज हळू. दारात पोलीस दिसला की हसून "या ना, बसा" म्हणणारा. रागाची पट्टी मी वर नेलीच नाही, मधेच ठेवली. दोन गोष्टी मात्र नव्याने घातल्या. एक, कुणाची नजर असेपर्यंत हात उचलायचा नाही. दुसरी, हात उचलण्याआधी जवळ जे सांडेल, करपेल, मोडेल ते नीट सांभाळून ठेवायचं. आमच्या पडद्यावरच्या स्वयंपाकघरात शेगडीवर दूध तापत असतं. तो आधी गॅस बंद करतो, पातेल्यावर झाकण ठेवतो, पातेलं मागच्या बाजूला सरकवतो, आणि मग वळतो.

अशा हालचाली खऱ्या माणसांकडून करून घेतात. अंगभर ठिपके चिकटवलेला पोशाख घालून एक नट मारतो, समोर एक बाई पडते, आणि यंत्र ते टिपून घेतं. नटाला आम्ही सूटवाला म्हणतो आणि त्या बाईंना पडणारी. पडणं हाच त्यांचा धंदा, जिन्यावरून, घोड्यावरून, सांगाल तिथून पडतात. मी सूटवाल्याला समजावलं: केस मुळापाशी धरायचे, डोकं ओट्याच्या कडेवर न्यायचं, एकदा, मग थांबून बघायचं, मग पुन्हा. खाली पडली की पोटात लाथ, तोंडावर नाही. तोंड लोकांना दिसतं. त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी नजर वळवली. तिसऱ्या वेळी त्याचा अंदाज चुकला आणि पडणारीचा ओठ खरोखर फाटला. गादीवर रक्त. तर हा भला मोठा गडी मटकन खाली बसून रडायला लागला, आणि पडणाऱ्या बाईच स्वतःच्या ओठावर फडकं दाबून त्याची समजूत घालत होत्या.

नव्या नवऱ्यासमोर पहिल्या तुकडीतला एकही पोलीस टिकला नाही. "नाव सांगा" म्हणून वहीत डोकं घालतात, आणि डोकं वर काढेपर्यंत बाई ओट्याखाली पडलेली, कानातून रक्त, आणि नवरा फडक्याला हात पुसत म्हणतो, "चक्कर येते हो तिला." एक पोरगेला शिपाई बाहेर जाऊन ओकला.

थंडाने विचारलं, "हा कुणावरून बनवलास?"

म्हटलं, कुणावरून नाही, असाच सुचला.

तुझी,
भांडकुदळ

११ मार्च

ताई,

मी माती खाल्ली. अशी की पुढची दहा वर्षं ऑफिसात त्याच्या गोष्टी सांगतील.

दंगलीच्या सरावासाठी भरबाजार हवा होता. दोनशे माणसं, एकासारखं दुसरं नको. एवढी माणसं शून्यापासून कोण बनवत बसतं? आम्ही एक चांगला बाहुला साचा म्हणून घेतो आणि त्याला बदलत जातो. चेहरे, वयं, कपडे, चाल, सगळं मिसळून देतो. माझ्याकडचा सगळ्यात घोटून बनवलेला बाहुला कोणता? तो नवरा. त्याचाच साचा उचलला. त्याची आजी केली, फळवाला केला, बसचा ड्रायव्हर केला, बाबागाडी ढकलणारी बाई केली. वरून सगळं बदललं. आतला स्वभाव बदलायचा राहिला.

खात्याचे बडे लोक बघायला आलेले, पहिल्या रांगेत बसलेले. मधे एक शिकाऊ अधिकारी, अंगात सरावाचं जाकीट. बाहुल्याने मारलं की त्या जागी जाकीट जोराचा हिसका देतं. थंडाने खूण केली आणि मी बाजाराचा राग वर नेला.

आरडाओरडा झालाच नाही. उलट बाजार गप्प झाला. फळवाल्याने पेट्यांवर ताडपत्री ओढली. ड्रायव्हरने ब्रेक लावला, किल्ली काढून खिशात टाकली. पाववाल्याने भट्टीचं दार लावलं. आजीने चष्मा काढून डबीत ठेवला, डबी बंद केली, पिशवीत टाकली. बाबागाडीवाल्या बाईने गाडी सावलीत नेऊन उभी केली, चाकाला अडसर लावला, बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. आणि मग सगळे वळले.

तो अधिकारी ज्याच्याकडे बघायचा तो हसून उभा. ज्याच्याकडे पाठ, तो मारायचा. तो गरकन वळला की मारणारा हसतोय आणि मघाचे हसरे पाठीत घालतायत. फळवाला तराजूच्या वजनाने, आजी काठीने, पाववाला लोखंडी सळीने. एकमेकांनाही सोडलं नाही, पाठ दिसली की संपलं. कुणी ओरडत नव्हतं, नुसता मारण्याचा आवाज. तो पोरगा गोल गोल फिरत राहिला, मग गुडघ्यावर आला, डोक्यावर हात धरून "बंद करा, बंद करा" म्हणायला लागला. मी बंद करायचं सोडून बघत बसले होते. थंडाने माझ्या हातावरून हात घालून बटण दाबलं.

नंतर त्याने शांतपणे विचारलं, "हे सगळे आधी आपापलं सामान का सांभाळतात?"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तुझ्यासमोर आता का लपवू? तो तुझा नवरा आहे. दोनशेच्या दोनशे तुझा नवरा.

मी तुमच्याकडे राहत होते, तुला आठवतं ना ती सकाळ? मी बाहेर गेले असं त्याला वाटलं होतं. मी पॅसेजमध्ये होते, चपलेचा अंगठा शिवत. शेगडीवर दूध होतं. त्याच्या सदऱ्याला बटण लावायचं राहिलं यावरून काहीतरी झालं. तो "हो का?" म्हणाला, इतका हळू की मला वाटलं विषय मिटला. उठला, गॅस बंद केला, झाकण ठेवलं, पातेलं मागे सरकवलं. मग तुझे केस धरले आणि तुझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. पहिल्यांदा तू "अगं आई" म्हणालीस. दुसऱ्यांदा काहीच नाही. तू खाली पडल्यावर तो लाथा घालत होता आणि मला दिसत होतं की दर लाथेआधी तो पाय कुठे लागेल ते बघतोय. माझी दातखीळ बसली होती. मग त्याला मी दिसले. त्याने फडक्याला हात पुसले आणि मला विचारलं, "दूध घेणार?"

मी पोलीस बोलावले, तर त्याचेच दोघे मित्र आले. खुर्च्यांवर बसले. तू कपाळावर एवढं टेंगूळ घेऊन त्यांना चहा दिलास आणि "दाराची कड लागली" म्हणालीस. चहा त्याच दुधाचा होता, ताई. न नासलेल्या, न सांडलेल्या दुधाचा.

आणि तू म्हणतेस त्याला भान राहत नाही.

तुझी बहीण

२ एप्रिल

ताई,

नोकरी वाचली. थंडाने मला काढलं नाही, उलट म्हणाला, "बाजार दुरुस्त कर. पण नवऱ्याला हात लावू नकोस, खात्याला तो फार पसंत आहे." पसंत! तुला बघायला आले होते तेव्हा आपल्या बाबांनीही हाच शब्द वापरला होता.

काकू सांगत होत्या की तू माझी पत्रं वाचून परत त्यांच्याकडेच ठेवायला देतेस. हात सुटला म्हणाल्या, पण आता चालताना कुशीवर हात धरतेस. म्हणजे बरगडी. यावेळी काय आडवं आलं? कपाट?

मी एक उद्योग केला, आज तो सांगायला बसले आहे. दुपारी जेवायच्या सुट्टीत सरावाची खोली मोकळी असते. मी पोलिसाला बाजूला काढलं आणि नुसते नवरा-बायको ठेवले. बायकोच्या बाहुलीकडे तोवर कुणी लक्षच दिलं नव्हतं. तिला फक्त रडणं, विनवणं आणि पडणं दिलेलं. मी तिच्या पट्ट्या घेऊन बसले. कधी गप्प ठेवली. कधी माफी मागायला लावली. कधी उलट बोलायला लावलं, तुझा अवतार बघायची हौस होती म्हणून. कधी त्याच्या पाया पडायला लावलं, कधी खोलीत कोंडून घ्यायला. बटण आधीच लावून ठेवलेला सदराही दिला. प्रत्येक वेळी तो गॅसपाशी गेला. प्रत्येक वेळी ती ओट्याखाली. एकदा ती मेली. बाहुली मेली की पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका येतो, बस. मी तो ठिपका बघत डबा तसाच मिटून ठेवला.

मग म्हटलं, हिला निघून जायला लावू. तर ही दारापर्यंत जाते आणि दाराला नाक लावून पाय हलवत राहते, जागच्या जागी. मला कळेना. बघते तर स्वयंपाकघराचं दार भिंतीवर काढलेलं चित्र होतं. पोलीस पडद्याच्या अलीकडून येतो, नवरा कुठे जाणार नसतो, त्यामुळे ते उघडायची कुणाला गरजच पडली नव्हती. एवढ्या हुशार माणसांनी खोली बनवली, भिंतीवरच्या फरशीचे तडेसुद्धा काढले, आणि बाईला बाहेर जायला दार ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दार मी बनवलं. पलीकडे जिना काढला, जिन्यावर शेजाऱ्यांची दारं, आणि सगळ्या शहरांत जाणाऱ्या सरावातही ते घालून टाकलं.

आता नीट वाच, उगाच चाळू नकोस. तो गॅसकडे वळला की त्याची पाठ तुझ्याकडे असते. बटण, झाकण, पातेलं मागे सरकवणं. तेवढा वेळ तुझा. त्या वेळात समजावायचं नाही, माफी मागायची नाही, पर्स शोधायची नाही. चालत दार, दारातून जिना, जिन्यावरून खाली. मी परत परत करून बघितलं, दर वेळी बाहुली खाली पोचली. कारण चारचौघांत तो हात उचलत नाही, हे मी शपथेवर सांगते.

काकूंचं दुकान खाली आहे. मी त्यांना काही सांगितलेलं नाही, पण त्या काही दुधखुळ्या नाहीत.

तू म्हणशील, संगणकातल्या बाहुल्यांवरून माझं घर चालवायला निघालीस. हो, निघाले. तुझ्याकडे दुसरं काही असेल तर कळव.

तुझी,
भांडकुदळ

१९ एप्रिल

ताई,

आज घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे.

सगळ्या शहरांतल्या सरावाचं चित्रण आमच्याकडे येतं, बाहुल्यांचं कुठे चुकतं ते बघून सुधारायला. आज तुमच्या शहराचं आलं. एकामागून एक पोलीस येत होते आणि नापास होत होते. मी एकीकडे सफरचंद खात बघत होते. मग तो आला.

गणवेशात. दाढी गुळगुळीत. मी त्याला बनवला होता त्यापेक्षा थोडा सुटलाय. पडद्यावरचा नवरा त्याच्याकडे बघून हसला, "या ना, बसा." आणि तुझा नवरा अगदी त्याच सुरात म्हणाला, "बसतो ना. काही विशेष नाही, दोन प्रश्न विचारायचे होते." समोरासमोर उभे होते दोघं, एक हाडामांसाचा आणि एक माझा. त्याने ओळखलं नाही. मला वाटतं माणसाला आरशातलं आपलं तोंड पाठ असतं, पण आपलं वागणं पाठमोरं कधी दिसत नाही.

त्याने वही काढली, मान खाली घातली. मी म्हटलं, हाही नापास. आणि गॅसच्या बटणाचा आवाज झाला. खट्.

ताई, त्याने वर बघायच्या आधी वही टाकली. बाहुल्याने झाकण उचललं नव्हतं अजून, तोवर तुझा नवरा त्या बाईच्या आणि त्याच्या मधे उभा होता, दांडा काढून. "बाई, दाराकडे! मागे बघू नका, चला!" बाहुली माझ्या दारातून बाहेर गेली. बाहुला पाठ करून तसाच उभा, पातेल्यावर हात. सगळ्या खात्यात हे फक्त त्याला जमलं.

शिकवणारा अधिकारी आत आला, पाठ थोपटली. म्हणाला, "शाबास! पण तुम्हाला कळलं कसं? त्याने तर अजून आवाजही चढवला नव्हता."

तुझा नवरा काय म्हणाला ते मी परत परत ऐकून उतरवलं आहे, एक अक्षर माझं नाही.

"सोपं आहे, साहेब. त्याने गॅस बंद केला ना. ज्याला भान नसतं तो गॅस बंद करत नाही. गॅस बंद केला म्हणजे त्याचं ठरलं होतं. आता तो तिला मारणारच."

मग तो हसला. बाकीचे टाळ्या वाजवत होते, अधिकाऱ्याने त्याच्या हातात बक्षिसाचं पाकीट ठेवलं. माझ्या कामाची एवढी मोठी पोचपावती मला कुणी दिली नव्हती. मी ते सफरचंद भिंतीवर फेकून मारलं, सूटवाला धावत आला.

तू मला खोटी म्हण, भांडकुदळ म्हण, संसार मोडणारी म्हण. माझं काही ऐकू नकोस. पण त्याचं ऐक. तो सगळं सांगतोय. इतकी वर्षं तू ज्या एका वाक्याच्या आधाराने मार खाल्लास, ते त्यानेच मोडलं, चार लोकांसमोर, आणि त्यासाठी बक्षीस घेतलं.

मला तुझी भीती वाटते, ताई. तो लाल ठिपका डोळ्यांपुढून जात नाही. ये ना गं.

तुझी धाकटी

२७ एप्रिल

चि. भांडकुदळ,

तुझ्यासारखं चुरचुरीत मला लिहिता येत नाही आणि डाव्या डोळ्याने नीट दिसतही नाही, तेव्हा आटोपतं लिहिते. काळजी करू नकोस. डॉक्टर म्हणाले डोळा वाचला.

तुझं शेवटचं पत्र काकूंनी एका कोटाच्या अस्तरात घालून वर पाठवलं. मी ते वाचलं आणि फाडून टाकलं. तुझा इतका राग आला की विचारू नकोस. कारण ते बक्षीस घेऊन तो घरी आला होता तेव्हा मीच त्याला शिरा करून घातला होता, आणि त्याने मला आनंदाने सगळं सांगितलं होतं. सगळं, ते गॅसचं सोडून. ते मला तुझ्याकडून कळलं. नंतर कितीतरी वेळ मी शेगडीपुढे नुसती उभी राहिले. मला वाटायचं, केवढा जपणारा माणूस, रागातसुद्धा दूध सांडू देत नाही. मी खरंच असं म्हणायचे गं, मनातल्या मनात, त्याच्या बाजूने.

परवा सकाळी दूध तापत होतं. मी विचारलं, "तुझ्या त्या सरावातल्या माणसाने गॅस का बंद केला?" त्याने पेपर खाली ठेवला. "हो का?" म्हणाला. आणि उठून शेगडीकडे वळला.

इतक्या वर्षांत मी त्याची पाठ कधी बघितलीच नव्हती. मी नेहमी त्या वेळी डोळे मिटून उभी असायचे. सदऱ्याला मागे एक सुरकुती होती. बटणाचा आवाज झाला, झाकणाचा झाला, आणि मी चालायला लागले. तू म्हणालीस तशी. पर्स नाही, काही नाही.

पण तुझ्या बाहुल्यात एक चूक आहे. तू शपथेवर लिहिलंस की चारचौघांत तो हात उचलत नाही. उचलतो. मी निघून जाते आहे हे कळलं की उचलतो. त्याने मला जिन्यात गाठलं. वरच्या मास्तरीण बाईंनी दार उघडलं, समोरचे म्हातारे काठी टेकत बाहेर आले, सगळे बघत होते आणि तो माझं डोकं कठड्यावर आपटत होता. खिडकीची काच फुटली. एकेक पायरी घसरत खाली जावं, एवढंच मला सुचत होतं, तशी मी घसरत, फरपटत खाली आले, तो केस धरून मागे. दुकानाच्या दारात काकू उभ्या होत्या. हातात इस्त्री. त्यांनी काही विचारलं नाही, ओरडल्या नाहीत. माझे केस ज्या हातात होते त्या हातावर त्यांनी ती इस्त्री टेकवली आणि दाबून धरली. चामडी जळल्याचा वास आला. त्याची किंकाळी तुझ्या शहरापर्यंत आली नसेल तर नवल. इस्त्रीची वायर तशीच भिंतीत लावलेली होती, दोरी ताणली जावी तशी ताणलेली. काकूंनी काहीच बंद केलं नव्हतं.

मग कोण कोण धावलं, त्याला बसवलं. यावेळी आलेले पोलीस त्याच्या ओळखीचे होते, पण जिनाभर माणसं बोलायला उभी होती. मास्तरीण बाई तर हात नाचवून सांगत होत्या. मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं. दार नाही, बाथरूम नाही, जे झालं ते. सांगताना तोंडात रक्त येत होतं, तरी सगळं सांगितलं. त्याला घेऊन गेले.

मी काकूंच्या दुकानातल्या मागच्या खोलीत आहे, कापडाच्या गठ्ठ्यांवर. दोन दिवसांत बस धरते. पत्र आधी पोचेल की मी, माहीत नाही. मी आधी आले तर दार उघड, आणि भांडू नकोस.

एक काम कर माझं. त्या बाहुलीला तू दार दिलंस, जिना दिलास. आता दारापाशी तिच्या चपला ठेव. अनवाणी निघाले मी, जिन्यात सगळी काच होती. काकू अजून चिमट्याने तळपायातले तुकडे काढतायत.

तुझी,
ताई